उंबरठ्यापाशी पुरलेली मुलगी: हॅरो टेकडीवरच्या एका नाकारलेल्या शिलालेखाचं प्रकरण

हॅरो-ऑन-द-हिल स्टेशनातून बाहेर पडून वर पाहिलं की झाडांच्या डोक्यावर सेंट मेरी चर्चचा शिशाने मढवलेला निमुळता कळस दिसतो. टेकडी जेमतेम सव्वाशे मीटर उंच. पण आजूबाजूला सगळा सपाट मुलूख असल्याने हा कळस मैलोन्‌मैल दिसतो. खाली लंडनचं उपनगर पसरलंय, मराठी-गुजराती दुकानं, शाळा, बसगाड्या. वर मात्र अजून गावच आहे. अरुंद रस्ते, विटांची जुनी घरं, हिरवळीवर उभी राहिलेली किंग्ज हेड सरायीची पाटी आणि मधोमध ती जगप्रसिद्ध हॅरो शाळा.

मी या टेकडीच्या पायथ्याशी बरीच वर्षं राहते. पाहुणा आला की त्याला वर घेऊन जायचं हे ठरलेलं. गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याहून आई आली होती, तिलाही नेलं. चर्चच्या दरवाज्यापाशी मी तिला कवी बायरनच्या मुलीची, अ‍ॅलेग्राची गोष्ट सांगितली. ती तिथेच थबकली. पुढे टाकलेला पाय मागे घेतला आणि म्हणाली, "अगं, उंबरठ्यापाशीच पुरलं होय पोरीला? आणि नावसुद्धा नाही लावलं?"

तिचे हे दोन प्रश्न डोक्यातून जाईनात, म्हणून हे प्रकरण नीट मांडायला बसले. टेकडीवरची बाकीची स्मारकंही यात येतील, कारण त्यांच्या शेजारी ठेवल्याशिवाय या एका न लागलेल्या दगडाचा अर्थ कळत नाही.

आधी जागा. 'हॅरो' हे नाव ज्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आलं त्याचा अर्थ 'देवस्थान', तेही ख्रिस्ती धर्म येण्याआधीचं. इसवी सन 767 च्या सनदेत हे नाव सापडतं. म्हणजे चर्च होण्याआधीही या टेकडीवर लोक देवालाच येत होते. डोंगरावरचा खंडोबा किंवा टेकडीवरची देवी पाहत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आजच्या चर्चचं काम 1087 मध्ये आर्चबिशप लॅनफ्रँकने सुरू केलं आणि 1094 मध्ये आर्चबिशप अँसेल्मच्या हस्ते त्याची प्रतिष्ठापना झाली. मनोऱ्याचा खालचा भाग बाराव्या शतकातला, कळस पंधराव्या शतकातला. शाळेला राणी एलिझाबेथकडून सनद मिळाली 1572 मध्ये. संस्थापक जॉन लायन हा गावातलाच सधन शेतकरी, त्याचा पितळी स्मृतिपट चर्चमध्ये आहे. शाळेची सर्वांत जुनी खोली 1615 ची. तिच्या लाकडी भिंतींवर मुलांनी कोरलेली नावं आहेत, त्यांत बायरनचंही आहे.

आपला संबंध सांगायचा तर या शाळेत 1905 ते 1907 या काळात जवाहरलाल नेहरू शिकले आणि ते आले तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांचा एक मुलगा तिथे वरच्या वर्गात होता. त्याच्याही आधी शाकुंतलाचं इंग्रजी भाषांतर करणारे विल्यम जोन्स इथलेच विद्यार्थी. पण 1818 मध्ये पेशवाई बुडवणारा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज आणि 1848 मध्ये सातारचं राज्य खालसा करणारा लॉर्ड डलहौसी, हे दोघेही याच शाळेचे. हे ऐकून आई बराच वेळ शाळेच्या इमारतीकडे बघत राहिली, बोलली काहीच नाही.

आता मूळ प्रकरण.

क्लेअर क्लेअरमाँट ही लेखिका मेरी शेलीची सावत्र बहीण. तिला कवी लॉर्ड बायरनपासून 12 जानेवारी 1817 रोजी बाथ शहरात मुलगी झाली. लग्न झालेलं नव्हतं, होणारही नव्हतं. बायरनची लग्नाची बायको वेगळी झाली होती आणि बदनामीमुळे त्याने इंग्लंड कायमचं सोडलं होतं. घरात मुलीला आधी अल्बा म्हणायचे. मार्च 1818 मध्ये लंडनच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला आणि नाव ठेवलं क्लारा अ‍ॅलेग्रा बायरन. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ती बायरनची 'म्हणवली जाणारी' मुलगी आहे. हा शब्द लक्षात ठेवायचा, पुढचं सगळं त्याच्यावरच अडतं.

त्याच वर्षी आईने तिला इटलीला नेलं आणि तिथून बापाकडे धाडलं, लॉर्डाच्या घरी पोरीचं भलं होईल या आशेने. ऑक्टोबर 1818 नंतर क्लेअरने मुलीला कधी पाहिलं नाही. बायरनने तिला आधी ओळखीच्यांकडे ठेवलं, मग स्वतःकडे आणि 1 मार्च 1821 रोजी बान्याकावाल्लो गावातल्या कॉन्व्हेंटमध्ये. पोर तेव्हा चार वर्षांची. क्लेअरने पत्रांवर पत्रं लिहून विरोध केला. फेब्रुवारी 1822 मध्ये तिने बायरनला लिहिलं की आपण मुलीला पुन्हा कधी बघणार नाही असं काहीतरी आतून सारखं वाटतंय.

मधल्या काळात अ‍ॅलेग्राने बापाला एक पत्र पाठवलं. जत्रेचे दिवस आहेत, पप्पांनी भेटायला यावं, मला खूप काय काय हवंय, अशा अर्थाच्या इटालियन ओळी, बहुधा नन बाईंनी हात धरून गिरवून घेतलेल्या. बायरन तेव्हा रावेन्नात होता, म्हणजे साधारण वीस किलोमीटरवर. तो गेला नाही. पोरीला बापापेक्षा जत्रेतला खाऊ हवा असणार, अशा मतलबाचं काहीतरी म्हणून त्याने पत्र बाजूला ठेवलं. पुढे रावेन्ना सोडून पिसाला जातानाही तिला भेटला नाही. कवी शेली मात्र ऑगस्ट 1821 मध्ये तिला मुद्दाम भेटून आला होता.

20 एप्रिल 1822 रोजी अ‍ॅलेग्रा तापाने गेली. वय पाच वर्षं तीन महिने.

इथून प्रकरण हॅरोच्या टेकडीवर येतं. बायरन 1801 ते 1805 या काळात हॅरोचा विद्यार्थी होता. चर्चच्या आवारात, टेकडीच्या पश्चिम कडेला, तेव्हा एका मोठ्या एल्म झाडाखाली असलेलं पीची नावाच्या माणसाचं थडगं आहे. त्यावर तो तासन्‌तास पडून राहायचा. तिथून विंडसरच्या दिशेला सगळा मुलूख दिसतो. पुढे 1807 मध्ये त्याने या जागेवर कविताही लिहिली, तिच्यातल्या ओळी आज थडग्याजवळच्या दगडावर कोरलेल्या आहेत. बायरनच्या चाहत्यांनी आठवण म्हणून थडग्याचे टवके काढून नेले, म्हणून आता ते लोखंडी गजांच्या पिंजऱ्यात आहे. गजांतून हात घालून मी एकदा तो दगड चाचपला. कडा झिजून गुळगुळीत झाल्यात, मध्ये एक खोलगट लागते. पावसाने झाली की माणसांनी केली, हाताला कळत नाही.

मे 1822 मध्ये बायरनने त्याचा लंडनचा प्रकाशक जॉन मरे याला पत्र लिहिलं. मुलीचा देह इंग्लंडला पाठवतोय, तो हॅरोच्या चर्चमध्ये पुरावा. पीचीच्या थडग्याजवळची जागा मला सगळ्यांत प्रिय, पण मला शिलालेख लावायचाय, म्हणून चर्चच्या आतच पुरलेलं बरं. दरवाज्यातून आत शिरताना डाव्या हाताला एक जुना स्मृतिपट आहे, त्याच्या जवळ. शाळेत असताना बसल्या जागेवरून तो दिसायचा. इतकं बारीक त्याला सतरा वर्षांनी आठवत होतं. पोर जिवंत असताना वीस किलोमीटर न गेलेला हा माणूस ती गेल्यावर तिच्यासाठी जागा शोधत आपल्या लहानपणात शिरला, आणि जी एकच जागा त्याला आपली वाटत होती ती त्याने तिला देऊ केली. बापाची चूक मला कमी लेखायची नाही. पण ही मागणी खोटी होती असं मला कधीच वाटलेलं नाही.

शिलालेखाचा मजकूरही त्याने लिहून दिला. अ‍ॅलेग्रा, लॉर्ड बायरनची मुलगी, बान्याकावाल्लो येथे निधन, तारीख, वय. खाली बायबलमधलं वचन: मी तिच्याकडे जाईन, पण ती माझ्याकडे परत येणार नाही. मजकुरात आईचं नाव कुठेच नाही.

हे वचन दावीद राजाचं, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातलं. दुसऱ्याच्या बायकोशी झालेल्या संबंधातून जन्मलेलं मूल दगावल्यावर दावीद हे बोलतो. बायबल रोज हाताळणाऱ्या धर्मगुरूला यातला संदर्भ कळला नसणं शक्य नाही. बापाने त्या एका ओळीत आपला गुन्हा मान्य केला होता, असं मी तरी वाचते. धर्मगुरूने ते कसं वाचलं असेल? बहुधा गुन्ह्याची जाहिरात म्हणून.

हॅरोचा व्हिकर, म्हणजे चर्चचा मुख्य धर्मगुरू, तेव्हा जॉन विल्यम कनिंगहॅम. 1811 ते 1861, तब्बल पन्नास वर्षं तो या जागेवर होता. कडक धर्मशिस्तीच्या गटातला, स्वतः लेखक, गावात वजन असलेला. त्याने मरेला कळवलं की असा शिलालेख लावणं सुरुचीला आणि सदाचाराला सोडून होईल. चर्चवॉर्डन म्हणजे आपल्याकडच्या देवस्थानाच्या विश्वस्तांसारखी माणसं. त्यांचाही लेखी आक्षेप त्याने जोडला. पुरायला हरकत नव्हती. सप्टेंबर 1822 मध्ये अ‍ॅलेग्राला चर्चच्या दरवाज्याच्या आत, उंबरठ्यालगत पुरलं. वर काहीच लावलं नाही.

आपल्या बखरींत अनौरस मुलासाठी शब्द आहे, लेकावळा. औरस आणि लेकावळे यांच्यातली रेघ आपल्याकडेही वाटणीत, पंगतीत, मानपानात स्पष्ट ओढलेली असायची. म्हणून 1822 चं इंग्लंड मला परकं वाटत नाही. रेघ तीच, फक्त इथे ती भिंतीवरच्या पाटीच्या जागेपर्यंत पोचली.

हे प्रकरण नुसतं सोवळ्या धर्मगुरूचं आहे असं मात्र नाही. थोडं कनिंगहॅमच्या बाजूनेही बघायला हवं. डिसेंबर 1821 मध्ये बायरनचं 'केन' नाटक छापून आलं होतं आणि देवनिंदेचा मोठा गदारोळ उठला होता. त्याच्या नावाची पाटी चर्चच्या दरवाज्यापाशी, म्हणजे दर रविवारी आत येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर. शिवाय समोर शाळा, श्रीमंतांची पोरं, त्यांचे पालक. आणखी एक कुजबूज होती: बायरनची विभक्त पत्नी कधीकधी या चर्चला येते, तिला डिवचायलाच त्याने ही जागा निवडली. बायरनने पुढे लिहिलं की ती तिथे जाते हे आपल्याला माहीतसुद्धा नव्हतं. मला ते खरं वाटतं, कारण जागेचं त्याचं वर्णन सगळं पोरवयातलं आहे, त्यात बायको कुठे येतच नाही.

हे सगळं धरलं तरी मधला रस्ता होता. 'अ‍ॅलेग्रा, वय पाच' एवढंच कोरता आलं असतं. बाहेर आवारात साधा दगड उभारता आला असता. बापाचं नाव गाळून मुलीचं ठेवता आलं असतं. तसा काही प्रस्ताव कोणी पुढे रेटला नाही. मरे प्रकाशक, त्याला दोन्हीकडची मर्जी राखायची. बायरन परदेशात, दोन वर्षांत ग्रीसमध्ये वारला. क्लेअरला कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता. 1879 पर्यंत ती जगली, पण या टेकडीवर तिचा शब्द चालणार नव्हता. पाच वर्षांच्या मुलीच्या बाजूने उभं राहायला एकही माणूस उरला नाही. नकारापेक्षा हीच गोष्ट मला जास्त लागते.

एक आवाज उठला, पण दबका. फ्रान्सिस ट्रोलोप तेव्हा हॅरोतच राहायची. कादंबरीकार अँथनी ट्रोलोपची ही आई, पुढे स्वतःही नामवंत लेखिका झाली. तिने व्हिकर आणि चर्चवॉर्डन यांच्या या निर्णयावर झोंबरी कविता लिहिली. तिच्या हयातीत ती हस्तलिखितातच राहिली. म्हणजे गावात सगळ्यांनाच हे पटलं होतं असं नाही. शेजारची एक बाई घरात बसून रागाने ओळी लिहीत होती.

आता आवारातले बाकीचे दगड.

थॉमस पोर्ट हा बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या टोप्या बनवणाऱ्याचा मुलगा. 7 ऑगस्ट 1838 रोजी हॅरोजवळ लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेखाली त्याचे दोन्ही पाय तुटले. वैद्यांनी पुन्हा कापाकापी केली, ती त्याने धीराने सोसली, आणि रक्तस्रावाने तो गेला. वय 33. हे सगळं त्याच्या थडग्यावर लिहिलंय, त्याखाली सहा ओळींची कविताही आहे. सकाळी उत्साहात निघालेला पोर्ट, दुपारच्या आत रक्ताने माखलेला देह, संध्याकाळी छिन्नविच्छिन्न प्रेत. आईला मी ओळी मराठीत सांगायला लागले तर तिने हाताने थांबवलं. रेल्वे तेव्हा इतकी नवी होती की गाडीखाली माणूस जाणं हीच मोठी बातमी होती, म्हणून हा दगड इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाचा. पण तारीख बघा. 1838, म्हणजे व्हिकर तोच, कनिंगहॅम. पाच वर्षांच्या मुलीचं नाव आणि बायबलची एक ओळ सुरुचीत बसली नाही, आणि सोळा वर्षांनी त्याच आवारात या रक्ताळलेल्या ओळी उभ्या राहिल्या. पोर्टच्या मरणाने गावात कोणाची मान खाली जात नव्हती, एवढाच फरक मला दिसतो.

दुसरी पाटी शाळेच्या जुन्या इमारतीजवळ. शाफ्ट्सबरीचा सातवा अर्ल हॅरोत शिकत असताना इथे जवळच त्याने एका भिकाऱ्याची अंत्ययात्रा पाहिली. खांदेकरी दारू प्यालेले, गाणी म्हणत चाललेले, आणि त्यांच्या हातून शवपेटी खाली पडली. त्या मुलाला जी शरम आणि चीड वाटली, तिच्यातून गरिबांसाठीचं त्याचं आयुष्यभराचं काम सुरू झालं, असं पाटी सांगते. 1842 चा खाणींचा कायदा त्याने नेटाने मंजूर करून घेतला. बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना त्यामुळे कोळशाच्या खाणीत उतरवणं बंद झालं. ही अंत्ययात्रा साधारण अ‍ॅलेग्राच्या दफनाआधीच्या दशकातली. पाटीवर नाव अर्लचं आहे. ज्या माणसाची शवपेटी पडली त्याचं नाव तिथे नाही.

ग्रोव्ह हिलच्या उतारावरची पाटी मोटारींची. 25 फेब्रुवारी 1899 रोजी इथे डेमलर गाडीचं मागचं चाक ब्रेक लावताना मोडलं. चालक एडविन सेवेल जागीच गेला. ज्यात चालक दगावला असा ब्रिटनमधला हा पहिला नोंदलेला मोटार अपघात. गाडीतले मेजर रिचर काही दिवसांनी वारले. पाटी लागली 1969 मध्ये, सत्तर वर्षांनी. तिच्यावरचे पहिले शब्द 'सावध राहा' अशा अर्थाचे आहेत. तिच्यासमोरून आजही गाड्या तीव्र उतारावरून खाली येतात.

त्याच 1969 मध्ये आणखी एक पाटी लागली, हॅरोत नव्हे, लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत. 1824 मध्ये बायरनचं प्रेत ग्रीसहून आलं तेव्हा अ‍ॅबीने त्याला जागा नाकारली होती. त्याला नॉटिंगहॅमजवळ हकनॉल गावच्या चर्चमध्ये पुरलं. अ‍ॅबीत त्याच्या नावाचा दगड बसायला 145 वर्षं लागली. मुलीला जे नाकारलं तेच दोन वर्षांत बापालाही नाकारलं गेलं. आणि दोघांत आधी नाव लागलं ते बापाचं.

अ‍ॅलेग्राची पाटी 1980 मध्ये लागली, बायरन सोसायटीने लावली. 158 वर्षं. या काळात त्या उंबरठ्यावरून किती लग्नं आत गेली, किती प्रेतं बाहेर आली, शाळेतली किती मुलं रविवारी रांगेने गेली. विन्स्टन चर्चिल, स्टॅनले बाल्डविन, नेहरू याच टेकडीवर वाढले. त्यांच्यापैकी कोणी या दारातून आत गेलं असेल तर खाली कोण आहे ते सांगणारी खूण तेव्हा नव्हती.

पाटी लहान आहे. पीचीच्या थडग्याकडे जाणारी माणसं तिच्यावरून नजर टाकून पुढे सरकतात, कारण बायरनची जागा म्हणून मार्गदर्शकात ठळक छापलेलं असतं ते थडगं. पाहुण्याला वर नेताना मी हल्ली क्रम बदलला आहे. आधी दरवाजा, मग शाफ्ट्सबरीची पाटी, मग पोर्ट, आणि विंडसरकडचा देखावा शेवटी.

निघताना आई पुन्हा चर्चपाशी गेली. आपल्याकडे उंबरठ्यावर पाय देत नाहीत, ओलांडून जातात. लहानपणी पाय पडला की आजी पाठीत धपाटा घालायची. आईने पर्समधून बडीशेपेची पुडी काढली, सोबत कालच्या प्रवासातली लिमलेटची एक गोळी होती. ती गोळी तिने पाटीखाली कट्ट्यावर ठेवली.

"जत्रेतलं काही नाही गं माझ्याकडे," ती म्हणाली, "असू दे."

मग साडी सावरून, उंबरठ्याला पाय न लावता, ती आत गेली.